पाण्याचे पेटंट आणि नळाची तोटी

इंदूर शहराच्या उत्तरेस सांवेर रोड या नावाचा जो रस्ता उज्जयिनीच्या दिशेने जातो, त्याच्या दोन्ही अंगांना गेल्या काही दशकांत कारखान्यांची मोठी वसाहत उभी राहिली आहे. औषधे, खाद्यपदार्थ, प्लॅस्टिकच्या वस्तू, यंत्रांचे सुटे भाग असा नाना प्रकारचा माल तेथे तयार होतो आणि त्या मालाबरोबर निर्माण होणारे सांडपाणी वर्षानुवर्षे कान्ह नदीत उतरत आले आहे. ही कान्ह पुढे उज्जयिनीजवळ क्षिप्रेस मिळते. २०२८ च्या सिंहस्थात ज्या क्षिप्रेत लक्षावधी भाविक स्नान करणार, तिच्यात कान्हचे पाणी पडू नये म्हणून मध्य प्रदेश सरकारला बंद कालव्याची खर्चिक योजना हाती घ्यावी लागली. त्या पाण्याची योग्यता काय आहे, हे यावरूनच कळून यावे.

याच इंदूरचा २०१७ पासून देशातील सर्वांत स्वच्छ शहर म्हणून गौरव होत आला आणि सांडपाण्याच्या उत्तम व्यवस्थेबद्दल ‘वॉटर प्लस’ हा किताब मिळविणारे ते २०२१ मध्ये देशातील पहिले शहर ठरले. तरीही २०२५ च्या डिसेंबरअखेर याच शहरातील भागीरथपुरा वस्तीत पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळले, शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावे लागले आणि कित्येकांचे प्राण गेले. होळकरांच्या या नगरीशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. अहिल्याबाईंनी गावोगाव बांधलेल्या विहिरी आणि घाट यांचा अभिमान बाळगणाऱ्यांना त्यांच्या वंशाच्या राजधानीतील ही वार्ता अधिकच जिव्हारी लागली असल्यास नवल नाही.

अशी दुर्घटना घडली की दोन गोष्टी ठरल्याप्रमाणे होतात. काही अधिकारी निलंबित होतात आणि नव्या यंत्रांची मागणी पुढे येते. आजच्या काळात या यंत्रांचे नाव कृत्रिम बुद्धिमत्ता असे आहे. जलवाहिन्यांवर बसविलेले संवेदक पाण्याचा दाब, प्रवाह, गढूळपणा आणि त्यात शिल्लक राहिलेला क्लोरीन यांची घटकेघटकेला नोंद करतात. संगणक त्या नोंदींवरून शहराच्या पाण्याची नित्याची चाल शिकून घेतो आणि चाल बिघडली की इशारा देतो. गळती कोठे असावी, पंप केव्हा चालवावा, मैलापाणी शुद्ध करणाऱ्या टाक्यांत हवा किती सोडावी, याचा अंदाजही तो बांधतो. हे उपयोग क्षुल्लक नाहीत. इंदूरला नर्मदेचे पाणी १९७८ पासून मिळते. ते सुमारे ७० किलोमीटरवरील जलूदहून विंध्याचा चढ चढवून आणावे लागते आणि विजेचा हा खर्च हलका करण्यासाठी २०२३ च्या फेब्रुवारीत इंदूर महापालिकेने २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे विकून तेथे सौर प्रकल्प उभारण्याचे ठरविले. अशा शहरात पंप शहाणपणाने चालविणारी युक्ती मोलाचीच म्हटली पाहिजे.

परंतु या युक्तीला मालक असतो. ती सरकारच्या भाषेत ‘एकस्व’ आणि सर्वांच्या भाषेत पेटंट या हक्काने बांधलेली असते. आमच्या मते खरा प्रश्न येथून सुरू होतो आणि यंत्रे विकत घेण्याच्या घाईत असलेल्या आमच्या नगरपालिकांनी तो अद्याप मनावर घेतलेला दिसत नाही. पेटंटचा हक्क यंत्र बनविणाऱ्यावर चालतो, तसाच तो यंत्र वापरणाऱ्यावरही चालतो. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याचे ४८ वे कलम याविषयी स्पष्ट आहे. समजा, सांवेर रोडवरील एखाद्या लहान कारखान्याने पाण्याची गळती ओळखणारी यंत्रणा तयार करून पालिकेला स्वस्तात विकली आणि उद्या दुसरीच कोणी कंपनी ‘ही रीत आमच्या पेटंटची आहे’ म्हणून न्यायालयात उभी राहिली, तर कारखानदाराबरोबर पालिकाही प्रतिवादी होऊ शकते. वादी तेव्हा दोन मागण्या करील. एक नुकसानभरपाईची आणि दुसरी मनाईहुकुमाची. पहिली मागणी पैशाची आहे, दुसरी यंत्रणा बंद पाडण्याची. सात-आठ लाख लोकांच्या नळाला जोडलेली यंत्रणा न्यायालयाच्या हुकुमाने एका सकाळी बंद करावयाची काय?

हा प्रश्न काल्पनिक आहे असे कोणी समजू नये. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी तो अमेरिकेत प्रत्यक्ष उभा राहिला होता. मैलापाण्यात हवा खेळवून, त्यातील जंतूंकडूनच ते शुद्ध करून घेण्याची जी रीत आज जगभर चालते, ती आर्डर्न आणि लॉकेट या मँचेस्टरच्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी १९१४ मध्ये भर सभेत निबंध वाचून जाहीर केली. गिल्बर्ट फाउलर हे त्यांचे मार्गदर्शक. परंतु त्या सुमारास इंग्लंडमधील एका यंत्र-व्यावसायिकाने या रीतीवर पेटंटे मिळविली आणि पुढे त्या पेटंटांच्या बळावर अमेरिकेतील शहरांवर दावे लावण्यात आले. मिलवॉकी शहराने १९२५ मध्ये या रीतीचे भव्य केंद्र सुरू केले होते. खटल्यात शहराने पेटंटचे उल्लंघन केले असे ठरले आणि खालच्या न्यायालयाने मनाईहुकूमही दिला. १९३४ मध्ये अपील न्यायालयाने उल्लंघनाचा निर्णय कायम ठेवला, पण मनाईहुकूम मात्र रद्द केला. कारण सरळ होते. केंद्र बंद केले तर साऱ्या शहराचा मैला जसाच्या तसा मिशिगन सरोवरात जाणार आणि त्या काठच्या इतर वस्त्यांच्याही आरोग्याला धोका होणार. शोधाचा मोबदला शहराने चुकवावा, परंतु त्यासाठी लोकांना घाण पाणी पाजता येणार नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ होता.

या कथेचा दुसरा धागा योगायोगाने इंदूरलाच येऊन मिळतो. वर उल्लेखिलेले फाउलर १९१६ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि टाकाऊ पदार्थांपासून खत करण्याचे प्रयोग त्यांनी तेथे चालविले. त्या प्रयोगांचा लाभ घेऊन अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ नंतर इंदूरच्या संस्थेत कंपोस्टची जी पद्धत सिद्ध केली, ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून साऱ्या जगात गाजली. १९३१ मध्ये तिच्यावर जे पुस्तक प्रसिद्ध झाले, त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचे नाव आहे. ही पद्धत त्यांनी पेटंटात अडकविली नाही, पुस्तकात छापून लोकांच्या स्वाधीन केली. ज्याला हवी त्याने ती उचलावी आणि आपल्या शेतात चालवावी. जी विद्या मिलवॉकीत न्यायालयाच्या पायऱ्या चढली, तिचीच चुलत बहीण इंदूरहून निघून देशोदेशींच्या शेतकऱ्यांच्या उकिरड्यापर्यंत पोचली. पाण्याच्या आणि मैल्याच्या विद्येचे काय करावे याचे हे दोन धडे एकाच काळातले आहेत.

तथापि, सर्वांनी हॉवर्ड व्हावे असे म्हणून हा प्रश्न सुटणार नाही, हेही आम्ही मान्य करतो. हॉवर्ड यांना राज्यकर्त्यांचे आणि संस्थानिकांचे पाठबळ होते. आज इंदूरच्या एखाद्या तंत्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडलेला तरुण कर्ज काढून, तीन-चार वर्षे खपून एखादी उपयुक्त यंत्रणा तयार करतो, तेव्हा त्याच्या श्रमाला संरक्षण हवेच. त्याची कल्पना चाचणीच्या निमित्ताने पाहून घ्यावयाची आणि निविदा मात्र दुसऱ्याच बड्या ठेकेदाराला द्यावयाची, असे प्रकार होऊ लागले तर त्याने दाद कोठे मागावी? ‘लोकहित’ हा शब्द सरकारी तिजोरीतून पैसा न देण्याची सबब म्हणून वापरला जाऊ नये. शोधकाला त्याचे दाम मिळालेच पाहिजे, तेही वेळेवर मिळाले पाहिजे. आमचा आक्षेप दामाला नाही. दामाच्या वसुलीसाठी नळाची तोटी हाती धरण्याला आहे.

आपला कायदा या बाबतीत काय सांगतो? न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाच्या पायावर उभा राहिलेला १९७० चा कायदा हा स्वतंत्र भारताच्या उत्तम कायद्यांपैकी एक आहे. पेटंट हे केवळ मक्तेदारी भोगण्यासाठी नाही आणि सार्वजनिक आरोग्याच्या रक्षणात त्याचा अडथळा होता कामा नये, हे तत्त्व त्याच्या ८३ व्या कलमात नमूद आहे. गणिती रीत आणि निव्वळ संगणक आज्ञावली यांना पेटंट मिळत नाही. मात्र २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने फरीद अल्लानी प्रकरणात जो निकाल दिला, त्यानुसार आज्ञावलीने काही तांत्रिक परिणाम घडवून आणल्यास तिचा विचार होऊ शकतो. पंपाचा वेग बदलणे, झडप मिटणे, क्लोरीनची मात्रा वाढविणे हे तांत्रिक परिणाम नव्हेत असे कोण म्हणेल? तेव्हा पाण्याच्या क्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेला पेटंटे मिळणार, हे गृहीत धरूनच चालले पाहिजे.

मनाईहुकुमाबाबतही आपल्या न्यायालयांनी विवेक दाखविला आहे. २००८ मध्ये रोश विरुद्ध सिप्ला या कर्करोगाच्या औषधाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने रुग्णांच्या हिताचा विचार करून अंतरिम मनाई नाकारली. २०१२ मध्ये पेटंट नियंत्रकांनी बायरच्या औषधावर नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना दिला आणि महिन्याला २ लाख ८० हजार रुपयांचे औषध ८,८०० रुपयांवर आले. परंतु दुसऱ्या बाजूचे आकडेही डोळ्यांआड करता येत नाहीत. २०२४ च्या मार्चमध्ये त्याच न्यायालयाच्या एकल पीठाने एरिक्सनच्या दूरसंचार पेटंटांच्या उल्लंघनाबद्दल लाव्हा या भारतीय कंपनीला सुमारे २४४ कोटी रुपयांची भरपाई फर्माविली. इंदूरने सौर प्रकल्पासाठी रोखे विकून जितकी रक्कम उभी केली, जवळजवळ तितकीच ही रक्कम आहे. दोन प्रकरणांचा परस्पर संबंध नाही, परंतु एका निकालाचे ओझे एखाद्या पालिकेच्या खांद्यावर पडले तर त्याचे वजन केवढे असेल, याची कल्पना यावरून यावी.

कायद्यात सरकारसाठी एक दरवाजा ठेवलेला आहे. ९९ आणि १०० या कलमांखाली केंद्र सरकार किंवा त्याने लेखी अधिकार दिलेली व्यक्ती सरकारी कामासाठी पेटंटचा उपयोग करू शकते, मोबदल्याविषयी एकमत न झाल्यास तो उच्च न्यायालय ठरविते. हाच तो न्याय्य मार्ग होय. मात्र त्या दरवाजावर लिहिलेली नावे वाचली तर केंद्र सरकार, राज्य सरकार आणि ‘सरकारी उपक्रम’ एवढीच सापडतात. कायद्याने स्थापन झालेले आणि सरकारच्या मालकीचे वा ताब्यातले महामंडळ उपक्रमाच्या व्याख्येत बसते. लोकांनी निवडून दिलेली महापालिका किंवा ग्रामपंचायत तीत बसते की नाही, यावर वकील दोन्ही बाजूंनी चार-चार दिवस बोलू शकतील. मिलवॉकीची अडचण अशीच होती. अमेरिकेच्या संघराज्य सरकारविरुद्ध पेटंटधारकाने केवळ मोबदला मागावा, असा कायदा १९१० मध्येच झाला होता, परंतु त्याची सावली शहरांवर पडत नव्हती. ज्या संस्थेच्या हाती लोकांचे पाणी, तिलाच संरक्षण संदिग्ध, ही विसंगती आपण तरी का चालू द्यावी?

पेटंटहून मोठा धोका आणखी एक आहे आणि तो कराराच्या बारीक अक्षरांत लपलेला असतो. पेटंट मिळविणाऱ्याला निदान आपला शोध कागदावर उघड करावा लागतो आणि वीस वर्षांनी तो सर्वांचा होतो. यंत्राने शहराच्या नोंदींवरून जे ज्ञान मिळविले, ते मात्र कंपनीच्या दूरच्या संगणकात गुपित म्हणून राहते. भागीरथपुऱ्याच्या गल्लीत दाब केव्हा घटतो, कोणत्या सांध्यात गळती होते, हे ज्ञान त्या गल्लीतील लोकांच्या पाण्यातून, म्हणजे त्यांच्या करातून जन्मास आले. त्याची मालकी कोणाची? ठेका संपला, वाद झाला, कंपनी बुडाली, तर तो संचय कोणाकडे राहणार? आणि यंत्राने चुकीचा अंदाज दिल्यामुळे माणसे दगावली, तर पेटंटचा मालक हक्क सांगावयास जसा पुढे येतो, तसा जबाबदारी घ्यावयास येईल काय? घाण पाणी येते हे ओळखण्यास घरातील गृहिणीला यंत्र लागत नाही. तिची तक्रार ऐकून घेणारा अधिकारी लागतो. हे विसरून केलेला यंत्रांचा थाट फुकट आहे.

इंदूरच्या या चर्चेत आम्हा गोमंतकीयांना काय रस, असे कोणी विचारील. घरोघर नळाचे पाणी पोचविणारे देशातील पहिले राज्य म्हणून २०२२ च्या ऑगस्टमध्ये आपल्या गोव्याला प्रमाणपत्र मिळाले. त्याच गोव्यात २०१९ च्या ऑगस्टमध्ये खांडेपारजवळ जलवाहिनी फुटली, तेव्हा पणजी आणि तिसवाडीतील नळ कित्येक दिवस कोरडे होते आणि टँकरमागे घागरी घेऊन माणसे धावत होती. एक वाहिनी फुटली की राजधानी तहानेली राहते, अशा आपल्या व्यवस्थेतही उद्या ही शहाणी यंत्रे येणार आहेत. ती यावीत. पण येताना कोणत्या अटींवर यावीत, हे आज ठरविले पाहिजे.

या अटी शोधण्यासाठी गोव्याला परदेशी जाण्याची गरज नाही. आमच्या खाजन शेतीत त्यांचा दाखला पिढ्यानपिढ्या आहे. खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून शेते राखणारा बांध आणि त्या बांधातील दारे म्हणजे मानस, या गावकरीच्या सामाईक वस्तू. मानशीवर मासे धरण्याच्या हक्काची दरवर्षी पावणी होते. जो बोली जिंकतो त्याला मासे मिळतात, त्याचे पैसे गावाला मिळतात आणि त्याच्या हक्कात कोणी हात घालीत नाही. परंतु मासे अधिक मिळावेत म्हणून मानशीचे दार मनास येईल तेव्हा उघडण्याची मुभा त्याला नसते, कारण दार कोणत्या भरती-ओहोटीला उघडावे हे शेताच्या गरजेवरून ठरते. ज्या गावांत हा दंडक सैल झाला, तेथे बांध फुटले आणि शेते खारी झाली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पेटंटधारकाला आम्ही मानशीच्या पावणीदाराहून अधिक किंवा उणे मानीत नाही. मासे त्याचे, दार गावाचे.

यातून तीन मागण्या निघतात. पहिली केंद्र सरकारकडे. पिण्याचे पाणी आणि मैलापाणी यांची व्यवस्था पाहणाऱ्या महापालिका, नगरपालिका व पंचायती यांचा समावेश पेटंट कायद्याच्या ‘सरकारी उपयोगा’त स्पष्ट शब्दांत करावा, आणि त्यांच्याविरुद्ध मनाईहुकूम नव्हे तर केवळ मोबदला मिळेल, असे नमूद करावे. सरकारी उपयोगाच्या बाबतीत दाद केवळ मोबदल्यापुरती मर्यादित ठेवण्यास ट्रिप्स कराराच्या ४४ व्या कलमातही मुभा आहे, तेव्हा जागतिक व्यापार संघटनेचा बाऊ करण्याचे कारण नाही. दुसरी मागणी राज्य सरकारकडे आणि पालिकांकडे. निविदेतच लिहून घ्यावे की पेटंटच्या वादाचा भार विकणाऱ्याने सोसावा, शहराच्या पाण्याच्या नोंदी आणि त्यांवरून झालेले ज्ञान शहराचे राहावे, आज्ञावलीची प्रत तिऱ्हाईताकडे ठेवावी, आणि यंत्र बंद पडले तरी झडपा हाताने चालविता येतील अशी माणसे व साधने कायम सिद्ध असावीत. तिसरी मागणी शोधकासाठी आहे. मोबदला ठरविण्यास मुदत असावी, आणि लहान शोधकाला बड्या वकिलांच्या फौजेविना तो मिळावा. दाम देण्यात सरकार कुचराई करू लागले, तर उद्या चांगला शोधक पाण्याच्या वाटेस फिरकणार नाही आणि नुकसान पुन्हा लोकांचेच होईल.

१९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर आणि १९३० मध्ये शिरोड्याच्या मिठागरावर या किनाऱ्याने जे पाहिले, त्याचा अर्थ एकच होता. माणसाच्या जगण्याला जे लागते, त्याच्यावर कोणाचा एकट्याचा ताबा चालणार नाही. ताबा सांगणारा कधी जातीचा अभिमानी होता, कधी परका राज्यकर्ता होता. आता तो सभ्य वेषात, हातात रीतसर प्रमाणपत्र घेऊन येणार आहे आणि त्याच्या हक्काचा काही भाग न्याय्यही असणार आहे. म्हणूनच त्याच्याशी भांडण्यापेक्षा त्याच्या हक्काची हद्द आधीच आखून देणे शहाणपणाचे ठरेल. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आमचे पूर्वज सांगून गेले. खटला उभा राहिल्यावर कायदा शोधू नये, एवढेच आम्ही त्यात जोडू इच्छितो. येत्या अधिवेशनात आमच्या खासदारांनी हा विषय संसदेत उपस्थित करावा, आणि तोपर्यंत गोव्यातील कोणत्याही पालिकेने वा खात्याने अशा यंत्रांचा एकही करार वरील अटींवाचून करू नये.